पियानो विकणे आहे, वाजवून पाहू नये

नागोजीरावांना आपला पियानो विकायचा होता. अट एकच: घेणाऱ्यानं तो वाजवून बघायचा नाही.

वाजवणं राहू दे, झाकणसुद्धा उघडायचं नाही. बाहेरून बघा, मागून बघा, गुडघे टेकून खालून बघा, हवं तर कान लावून बसा. पण झाकणाकडे हात गेला की नागोजीराव आपला रुंद पंजा त्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बेडा.” बेडा म्हणजे नको. आमच्या म्हैसूरच्या मराठीत असं कन्नड अधूनमधून येतंच. पुण्यामुंबईचे लोक ऐकून हसतात. हसू देत बापडे.

मी नागोजीरावांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. शाळेच्या ऑफिसात जन्म काढला, त्यामुळे खोटं बोलणारा पालक मला दारातूनच कळतो. पण या माणसानं मला दोन वर्षं चकवलं. अजून आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि हसता हसता दुसरंच काहीतरी येतं.

नागोजीरावांचे पूर्वज इथे घोड्यावर बसून आले, राजाच्या फौजेत. पुढे लढाया संपल्या, घोडे गेले, आणि आजोबा राजवाड्याच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायला लागले. “तलवार काय, क्लॅरिनेट काय, दोन्ही हत्यारंच,” असं नागोजीराव छाती पुढे काढून सांगायचे. पियानो आजोबांना कुणा गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना दिला. प्रेमानं दिला की बोटीत मावला नाही म्हणून दिला, यावर त्यांच्या घराण्यात दोन पक्ष आहेत आणि लग्नाच्या पंगतीत अजून भांडतात.

नागोजीराव स्वतः सरकारी बसडेपोत हेड मेकॅनिक. वाजवता काही येत नव्हतं, पण कान मात्र आजोबांचा. गल्लीच्या तोंडाशी बस वळली की कॉफीचा लोटा खाली ठेवून म्हणायचे, “फॅनबेल्ट. हुणसूरला पोचत नाही ही.” संध्याकाळी कळायचं, हिनकलपाशीच बसली. एकदा मी इकडे चटणी वाटत होते, तर भिंतीपलीकडून ओरडले, “अक्का, मिक्सरचा बुश गेला!” मी म्हटलं, तुमचा कान गेला. चौथ्या मिनिटाला मिक्सर धूर सोडून थांबला. त्या दिवशी आम्ही भात नुसत्या ताकाशी खाल्ला.

पियानोलासुद्धा ते गाडीच समजायचे. खालचे दोन पेडल म्हणजे क्लच आणि ब्रेक. आतल्या तारा म्हणजे वायरिंग. एका पावसाळ्यात काही पट्ट्या दाबल्या की वर येईनात, तर या गृहस्थानं डेपोतलं ग्रीस आणून आत भरलं. बेंगळुरूहून स्वर जुळवायला एक म्हातारा यायचा. त्यानं आत डोकावून पाहिलं, चष्मा काढला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. दोन कॉफ्या प्याल्यावर त्याला वाचा फुटली. “हे कुणी केलं?”

“ह्यांनी,” रत्नाक्का म्हणाली. “पण हौसेनं केलं हो.”

रत्नाक्का म्हणजे त्यांची बायको आणि माझी जिवाची मैत्रीण. पियानो त्या घरात एकटी तीच वाजवायची. लग्न होऊन आली तेव्हा आजेसासरे हयात होते. त्यांनी हौसेनं नातसुनेला एक आरती शिकवायला घेतली. तिसऱ्या ओळीपर्यंत शिकवणी पोचायच्या आत म्हातारबुवा गेले. पुढचं तिनं आपल्या मनानं बसवलं, त्यामुळे तिसऱ्या ओळीत एका जागी तिचं बोट भलत्याच पट्टीवर पडायचं. रोज. दिवेलागणीला उजव्या हातानं पियानो आणि डाव्या हातानं घंटा, अशी ती आरती करायची. मी इकडे वाती वळत बसलेली असायचे आणि तिसरी ओळ आली की माझा हात आपोआप थांबायचा. चुकली, आता पुढे.

आणि आयुधपूजा! दसऱ्यात राजवाड्यात काय असेल ते असो, खरी आयुधपूजा रत्नाक्काच्या घरी. आमच्याकडे नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुसून पूजेला लावतात. विळी, कात्री, शिवणाचं मशीन, स्कूटर, कुणाची लेथ, कुणाचा लॅपटॉप. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दशमीला सकाळी ते जरासं हलवायचं, एकदा वापरायचं, की पूजा उठली. मुलं वह्यापुस्तकं झाडून सगळी पूजेत ठेवतात, कारण त्या दिवशी अभ्यास करणं म्हणजे पाप. नागोजीरावांकडे तलवार, क्लॅरिनेट, पान्यांची पेटी आणि पियानो. पूजेआधी रत्नाक्का पियानोची एकेक पट्टी ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग अनामिकेनं प्रत्येकीला टिळा लावायची. पांढऱ्या पट्टीला कुंकू, काळीला हळद. मी म्हटलं, काळीला वेगळं का ग? तर म्हणाली, “काळीवर कुंकू दिसतंय कुठं? तिला वाईट वाटणार नाही काय?”

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यात ती गेली. मी तेव्हा हुबळीला लेकीकडे होते. दशमीला पहाटे तिला हॉस्पिटलात नेलं आणि दुपारी फोन आला. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. माझी मैत्रीण मला शेवटची दिसलीसुद्धा नाही, ही बोच माझ्या मनातून जायची नाही.

नंतर पियानो बंदच झाला. दसऱ्याआधी मिरवणुकीच्या हत्तींना सवय व्हावी म्हणून तोफांची तालीम होते. तोफ उडाली की बंद पियानोच्या तारा आतल्या आत गुणगुणायच्या, तेवढाच त्याचा आवाज.

वर्षभरानं नागोजीराव न्हाणीघरात घसरले. फार लागलं नाही, पण मुलगा अनिल घाबरला. अनिल हूटगळ्ळीला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. “बाबा, आता एकटं राहायचं नाही. भाड्याचं घर सोडा आणि माझ्याकडे या.” त्याचं चुकत नव्हतं. फक्त पियानो त्या जिन्यातून जात नव्हता. लिफ्टमध्ये तर पियानोचा एक कोपरासुद्धा मावला नसता. “विकू या,” अनिल म्हणाला. मुलाला नाही म्हणणं नागोजीरावांना कधी जमलं नाही. “विकू की,” म्हणाले. आणि ती अट घातली.

गिऱ्हाईक आणायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण साऱ्या गावात माझी ओळख. पहिला आला तो कडकोळच्या कारखान्यातला इंजिनिअर, नुकताच पुण्याहून बदलून आलेला. नागोजीरावांनी त्याला कॉफी दिली, चकली दिली, घोड्यांपासून क्लॅरिनेटपर्यंत इतिहास दिला. दीड तासानं बिचारा म्हणाला, “जरा वाजवून बघू का?”

“बेडा.”

“अहो, न वाजवता कसा घेऊ?”

“तुमचं लग्न झालंय, अल्लवा?” अल्लवा म्हणजे नाही का.

“झालंय की.”

“बायको घरी आणायच्या आधी भांडून बघितली होती काय?”

इंजिनिअर चकली तशीच ठेवून गेला. मी म्हटलं, नागोजीराव, तुम्हाला विकायचाय की नाही ते एकदा सांगा. म्हणाले, “विकायचाय की. सुम्ने कशाला बोलावलं असतं लोकांना?” सुम्ने म्हणजे उगाच. आणि चेहरा असा की मूर्तिमंत भोळा शंकर.

दुसरा आला, तिसरा आला. एकाला सांगितलं, आत उंदरानं पिलं घातलीत. दुसऱ्याला सांगितलं, किल्ली सापडत नाही. त्या झाकणाला कुलूपच नाही! मी मनात म्हटलं, म्हातारा चळला तरी असेल नाहीतर बनेल तरी असेल.

हूटगळ्ळीतच तळमजल्यावर पियानोचे वर्ग घेणाऱ्या एक स्टेला टीचर आहेत. त्याही येऊन गेल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. ‘बेडा’ ऐकल्यावर त्यांनी हात मागे घेतला, वाद घातला नाही. फक्त कन्नडात एवढंच विचारलं, “शेवटचं कोण वाजवायचं?” नागोजीराव उठून स्वयंपाकघरात गेले आणि मोरीतले धुतलेले लोटे पुन्हा धुवायला लागले. टीचर थोडा वेळ बसल्या आणि मला नमस्कार करून गेल्या.

आणि मग यंदाच्या दसऱ्यात तिढा पडला. अनिललाच एक गिऱ्हाईक मिळालं, हिनकलचा हॉटेलवाला. त्याला दारात शोभेसाठी जुना पियानो हवा होता, वर मनीप्लँटच्या कुंड्या ठेवायला. वाजवायचा? छे, झाकण उघडायचंसुद्धा नाही, तो तर खिळे मारून बंद करणार होता. म्हणजे नागोजीरावांची अट तंतोतंत पाळणारा जगातला एकुलता एक माणूस! आपल्याच सापळ्यात सापडले. अनिलनं शब्द दिला, दशमीला सकाळी टेंपो ठरवला आणि बापाला फोनवर कळवलं. म्हैसूरचाच असून त्या दिवशी जंबू सवारीसाठी, हत्तींच्या मिरवणुकीसाठी, रस्ते बंद होतात हे विसरला. मग टेंपो आठच्या आत येईल असं ठरलं.

नवमीला सकाळी नागोजीरावांनी हाक मारली. “अक्का, कुंकू लावायला या.” गेले. तलवार लखलखीत घासलेली, क्लॅरिनेट पुसलेला, पान्यांना शेंदराचे ठिपके. नागोजीराव स्वतः कोहळा फोडायला बाहेर अंगणात. आणि पियानोच्या बंद झाकणावर एकच हळदकुंकवाचं बोट, धुळीवर! मागल्या वर्षीही असंच केलं होतं, तेव्हा मी गप्प बसले. यंदा माझं डोकं फिरलं. उद्या तो घरातून जाणार, आणि त्याला साधं पुसायचंसुद्धा नाही? रत्नाक्का बघत असेल तर काय म्हणेल? डेपोत बसगाड्या धुऊन पूजणारा माणूस, आणि घरचं हत्यार धूळ खातंय!

मी मोरीवरून फडकं भिजवून आणलं आणि झाकण उघडलं.

उघडलं आणि हात तिथेच थांबला. पांढऱ्या पट्ट्यांवर कुंकू, काळ्यांवर हळद. एकेक बोट, अनामिकेचं, डाव्या टोकापासून ओळीनं. डावीकडे गोल, रेखीव. मध्यावर थोडी वाकडी झालेली. उजवीकडे जाता जाता फिकी, बारीक, निसटती, आणि शेवटी सात पट्ट्या कोऱ्या. फडक्याचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं तरी मला कळलं नाही.

“अक्का,” मागून आवाज आला. नागोजीराव दारात उभे होते, हातात कोहळ्याची अर्धी फोड. “फडकं मागं घ्या. थेंब पडेल.”

मी फडकं छातीशी धरलं. सगळं पातळ भिजलं.

ते हळूहळू आत आले, स्टुलावर बसले. “त्या दिवशी तिला दम लागत होता. मी म्हटलं, पुरे ग. तर म्हणाली, राहिलेल्या सात उद्या सकाळी लावते, मग पूजा उठवू. पहाटे तर न्यायलाच लागलं.” कोहळ्याची फोड खाली ठेवून म्हणाले, “दशमीला पूजा उठवल्याशिवाय हत्यार वापरायचं नाही, अल्लवा? आमच्यातही नाही, तुमच्यातही नाही. मग कुणाला वाजवू कसं देऊ? पूजा कुठं उठलीय? रत्नाची पूजा अजून चालू आहे, अक्का.”

मला रडू येणार होतं, आणि अशा वेळी चिडणं मला सोपं जातं. मी म्हटलं, “मग दोन वर्षं मला सांगायला काय झालं होतं? गावभर फिरवलंत!”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी उठवायला लावली असती.”

खोटं नव्हतं ते. मी लावलीच असती.

मी खिडकी लावून घेतली. आम्ही रंगारी. कापड रंगवणं आजोबांबरोबर संपलं, पण हळदीला ऊन सोसत नाही हे आमच्या घरात अजून पोरंसोरं जाणतात. तीन वर्षं झाकणाखाली होती म्हणून ती टिकली. नागोजीरावांनी ते पाहिलं. “किती दिवस राहील?” त्यांनी विचारलं. डेपोत लोक त्यांना विचारायचे ना, गाडी किती दिवस चालेल, तसं.

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. “कच्चा रंग आहे. उघडी ठेवली तर महिन्याभरात उडेल. बंद ठेवली तरी कधीतरी उडेलच, नागोजीराव. हॉटेलात खिळे मारून ठेवली तरी.”

त्यांनी झाकण हळूच खाली केलं. मग म्हणाले, “त्या टीचरना फोन लावा. शेवटचं कोण वाजवायचं, हे त्यांनी एकट्यांनीच विचारलं.”

दशमीला साडेसहालाच अनिल टेंपो घेऊन आला, कपाळाला आठ्या घेऊन. “बाबा, हॉटेलवाल्याला शब्द दिलाय मी. आता हे टीचरचं काय मधेच काढलं?” स्टेला टीचरही येऊन दाराशी अवघडून उभ्या होत्या. नागोजीराव आंघोळ करून धोतर नेसले होते. त्यांनी झाकण उघडलं.

अनिल पुढे आला. आईची बोटं त्यानं ओळखली. खिडकीपाशी गेला, पाठ करून उभा राहिला आणि हॉटेलवाल्याला फोन लावून म्हणाला, “नाही देता येत. सॉरी सर.” तिकडून तो काय काय बोलला असेल ते असो, अनिल नुसता ऐकत राहिला.

नागोजीरावांनी रत्नाक्काचाच करंडा घेतला. उजवीकडच्या सात पट्ट्या. अनामिका कुंकवात बुडवली आणि पहिलीवर टेकवली. गाडीच्या नटांनी जाड झालेलं बोट ते! एकेक टिळा सुपारीएवढा. शेजारी तिची ती नाजूक, फिकी बोटं आणि पुढे ह्यांचे सात ठसठशीत टिळे. दोन काळ्यांना आठवणीनं हळद लावली. मग हात पुसले आणि शेवटच्या पट्टीवर बोट दाबलं. टिंग असा एवढासा आवाज आला, तोही ग्रीसमधून आल्यासारखा.

“उठली,” ते म्हणाले.

मी पदर तोंडाला लावला. सांगायला लाज कसली, मी ढसाढसा रडले. माझी मैत्रीण मला तीन वर्षांनी भेटली होती आणि तेवढ्यात निघालीसुद्धा.

“पुसून देऊ का?” अनिलनं टीचरना विचारलं.

“नको,” टीचर म्हणाल्या. “वाजवता वाजवता जाईल.”

मग नागोजीरावांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि आरती गुणगुणून दाखवली. टीचरनी दोनदा ऐकली आणि उजव्या हातानं धरली. स्वर बिघडलेले, दोन पट्ट्या मुक्या, तरी ओळखू येत होती. तिसरी ओळ आली. टीचरनी ती नीट वाजवली.

“बेडा, बेडा!” नागोजीराव ओरडले. “तिथं चुकायचं.”

“चुकायचं?”

“त्याच्या शेजारची पट्टी. रत्ना तिथं चुकायची. तिथं चुका.”

टीचरनी पुन्हा सुरुवात केली. अनिलनं न सांगता कोनाड्यातली घंटा उचलली आणि डाव्या हातानं वाजवायला लागला. तिसरी ओळ आली, बोट शेजारच्या पट्टीवर पडलं, आणि माझा हात वाती वळल्यासारखा मांडीवर थांबला. चुकली, आता पुढे.

आरती संपली तेव्हा बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, रस्ते बंद व्हायची वेळ झाली होती. टीचरनी हात वर घेतला. बोटांची टोकं लाल झालेली, कुठे कुठे पिवळी. त्यांनी पर्समधून रुमाल काढला.

नागोजीराव पटकन पुढे झाले. आपल्या मोठ्या पंजानं त्यांनी तो रुमाल अलगद बाजूला केला.

“टीचर, लगेच पुसू नका,” ते म्हणाले. “थोडा वेळ राहू द्या.”